माजी सैनिकांची घरपट्टी माफी: सवलत की हक्क?

हिरण्यकेशी

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात. आबा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. वीस वर्षांची नोकरी, त्यात एक टर्न सियाचीनला. डाव्या पायाची दोन बोटं तिथल्या हिमदंशात गेली. २०२० च्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक व शहीद सन्मान योजनेत सगळ्याच माजी सैनिकांना एका घराची घरपट्टी माफ आहे, हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी कळलं. आबांनी कधी चौकशीच केली नव्हती. दर वर्षी एप्रिल उजाडला की पैसे भरून पावती घेऊन मोकळे.

मी आग्रह धरला म्हणून गेल्या सोमवारी रात्री त्यांनी माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली. वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमालाला गाठ. मंगळवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आबा आठ वाजताच ओसरीवर येऊन बसले. ग्रामपंचायत कार्यालय उघडतं साडेदहाला.

खुर्चीवरच्या मुलानं डिस्चार्ज बुक उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "काका, शौर्यपदक आहे का? कुठं लढाईत होता का? असलं तरच माफी." आबा काही बोलले नाहीत. मान खाली घालून चपलेतल्या पायाकडं बघत उभे राहिले. मीच म्हटलं, २०२० पासून सगळ्यांना आहे. त्यावर तो म्हणाला, "तो जीआर आहे ताई, कायदा नाही. पंचायत बॉडीचा ठराव लागतो. आणि घर तर तुमच्या आजोबांच्या नावावर आहे. मग माजी सैनिक कोण, आजोबा?" मागं बाकावर बसलेले दोघं हसले.

घरी येईपर्यंत आबा गप्प. उंबऱ्यात चपला काढताना म्हणाले, "आठशे चाळीस रुपयांसाठी एवढं ऐकून घ्यायचं व्हय?"

पैशांचं मला काही नाही. मला जाणून घ्यायचंय की जीआर (शासन निर्णय) आणि कायदा यात खरंच एवढा फरक आहे का? आणि असेल, तर राज्यानं सैनिकांसाठी जे काही द्यायचं ते एकदाच कायद्यात का लिहून टाकू नये? तुमच्या घरचे अनुभव लिहा.

पंचगंगा_घाट

वाचून पोटात तुटलं ताई. आबांना माझा नमस्कार सांगा.

राधानगरीकर

आमच्या अण्णांचंही असंच. पण ते तिथंच ओरडले, अख्ख्या चावडीला ऐकू गेलं. माफी मिळाली. प्रत्येकाला ओरडता येत नाही हाच तर घोळ आहे.

नमुना_नऊ

मी ग्रामसेवक म्हणून एकतीस वर्षं काढली, करवीर आणि भुदरगड तालुक्यांत. दोन गोष्टी सांगतो.

त्या मुलानं पदकाचं विचारलं ते जुन्या माहितीवर. आधी ही माफी फक्त शौर्यपदकधारकांना आणि माजी सैनिकांच्या विधवांना होती. २०२० मध्ये ती सरसकट सगळ्या माजी सैनिकांना लागू केली. तेव्हा ग्रामविकास मंत्री आपल्या कागलचेच, हसन मुश्रीफ. म्हणजे निर्णय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. त्या मुलाला माहिती नव्हतं, ही त्याची चूक. आणि माहिती नसताना माणसाला असं विचारलं, ही त्याहून मोठी.

घराच्या नावाचं मात्र तो बरोबर बोलला. माफी मालमत्तेला नसते, माणसाला असते. नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीला, जे नाव आहे ते माजी सैनिकाचं किंवा त्याच्या पत्नीचं पाहिजे. आमच्याकडं निम्म्या गावाची घरं अजून मेलेल्या माणसांच्या नावावर. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी पावती आजोबांच्याच नावानं निघते. कुणी हटकत नाही तोवर चालतं.

करायचं काय, तर आजोबांचा मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, बाकीच्यांचं संमतीपत्र, हे जोडून नमुना ८ ला वारस नोंदीचा अर्ज द्या. मासिक सभेत ठराव होतो. मग डिस्चार्ज बुक, माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला जोडून माफीचा अर्ज. दोन्ही अर्जांची पोच घ्या. आवक क्रमांकाशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. आणि उद्या तोंडी कुणी काही नाकारलं, तर "लेखी द्या" एवढंच म्हणा.

वकिलीणबाई

हिरण्यकेशी, तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देते.

फरक आहे. ग्रामपंचायत घरपट्टी लावते ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली आणि १९६० च्या कर व फी नियमांखाली. शासन निर्णय हा शासनाचा आदेश. तो पाळायचा असतो. बॉडीनं ठराव करायचा तो अंमलबजावणीसाठी, "द्यायचं का नाही" हे ठरवायला नाही. पण माणसाच्या हातात काय राहतं ते बघा. आदेश बदलायला मंत्रालयातली एक सही पुरते. कायदा बदलायला विधानसभेत उभं राहून बोलावं लागतं.

दुसरी गोष्ट, पुष्कळांना वाटतं राज्य सैनिकांसाठी हवं ते करू शकतं. तसं नाही. संरक्षण हा केंद्राचा विषय, सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीत अगदी पहिला. पेन्शन, ओआरओपी (वन रँक वन पेन्शन), कॅन्टीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), यातल्या कशालाही राज्य हात लावू शकत नाही. राज्याच्या हातात जमीन आहे, घरभाडं आहे, स्थानिक कर आहेत आणि राज्याच्या नोकऱ्या आहेत. एवढंच. पण गावात परतलेल्या माणसाचं आयुष्य याच चार गोष्टींत असतं.

आणि या चार गोष्टींत महाराष्ट्रानं पूर्वी अस्सल कायदे केलेले आहेत. १९४८ च्या कुळकायद्यात १९६४ साली एक अख्खं प्रकरण घातलं, कलम ४३-१अ पासून पुढं, फक्त सेनेतल्या जमीनमालकांसाठी. चीनचं युद्ध तेव्हा ताजंच होतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमात कलम २३ आहे, सैनिकाला भाड्यानं दिलेलं स्वतःचं घर राहायला परत मिळावं म्हणून. सैनिकाचा दावा त्यात दयेवर नाही, कलमावर उभा राहतो. मग २०२० सालची गोष्ट कलमात का लिहिली नाही, हा तुमचा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे.

टाकळीकर

मी सैनिक टाकळीचा, शिरोळ तालुका. गावाच्या नावातच सैनिक आहे, त्यामुळं या धाग्यावर गप्प बसलो तर घरात घेणार नाहीत.

वकिलीणबाईंनी १९६४ चं काढलं म्हणून लिहितो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि कुळकायदा आपल्याकडं आला. १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, म्हणजे कूळ जमिनीचं मालक ठरायचा दिवस. कसेल त्याची जमीन. आमचे पणजोबा तेव्हा फौजेत. घरात बाई माणूस आणि दोन लहान पोरं. जमीन दुसऱ्याला कसायला दिलेली, दुसरं करणार काय? माणूस सीमेवर असताना त्यानं नांगर कसा धरायचा? १९६४ च्या दुरुस्तीनं अशा मालकाला नोटीस देऊन स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागायचा हक्क मिळाला. पणजोबांनी मागितली आणि मिळाली. साडेतीन एकर. आज आम्ही चार घरं त्यावर आहोत. आमच्या देवघरात पणजोबांच्या फोटोमागं त्या निकालाची नक्कल आहे, कडा पिवळ्या पडल्यात, पण शिक्का वाचता येतो.

भोगावती

टाकळीकर, तुमच्या पणजोबांबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

माझे आजोबा कूळ होते. मालक फौजेत. आजोबांनी अकरा वर्षं ती जमीन कसली. दगड वेचले, ताली घातल्या, विहिरीचा गाळ उपसला. जमीन आपली होणार म्हणून पेढे वाटून झालेले. मग मालकाची नोटीस आली. आजी शेवटपर्यंत सांगायची, बांधावरचा आंबा तिनं लावला होता, त्याला पहिला मोहोर आला त्याच साली जमीन गेली. कायदा चांगला असतो तो कुणासाठी, हेही बघावं लागतं. सैनिकाला द्यायचं असेल तर सरकारनं सरकारच्या जमिनीतून द्यावं. गरिबाच्या ताटातलं काढून का?

टाकळीकर

भोगावती, राग कसला. खरं आहे ते. वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

वकिलीणबाई

भोगावती, तुमचं म्हणणं मनाला लागलं. याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ३२फ. कूळ स्वतः सेनेत असेल तर त्याचा जमीन विकत घ्यायचा हक्क संपत नाही, नोकरी सुटल्यापासून एक वर्षापर्यंत राहतो. म्हणजे कायद्यानं मालक सैनिक आणि कूळ सैनिक, दोघांचाही विचार केला. राहिलं ते घरी राहून कसणारं साधं कूळ. तुमच्या आजोबांसारखं.

भोगावती

हे ३२फ माहिती नव्हतं. आमचे धाकटे आजोबा त्याच वेळी मराठा बटालियनमध्ये होते. म्हणजे कूळ म्हणून त्यांचं नाव लागलेलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं. घरात कुणाला हे सांगावं की नको, कळेना झालंय. वडील आता ऐंशीचे आहेत.

दुधगंगा

नका सांगू दादा. किंवा सांगा, पण शांतपणे, जेवणं झाल्यावर.

ताराराणी_चौक

कलम २३ चा अनुभव आमच्या घरचा आहे. वडील सुभेदार मेजर. नोकरीत असताना शहरात छोटा बंगला बांधला आणि पोस्टिंग फिरतीची म्हणून भाड्यानं दिला. निवृत्त होऊन आलो तर भाडेकरू म्हणे, "आमची मुलं इथं शाळेत आहेत, कुठं जाऊ?" तीन वर्षं आम्ही स्वतःचं घर असून भाड्याच्या दोन खोल्यांत. आईचं सामान खोक्यांतच.

मग एका वकिलांनी कलम २३ दाखवलं. सेनेत असलेला किंवा निवृत्त झालेला मालक, त्याची विधवासुद्धा, स्वतःला राहायला घर हवं म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करू शकते. सेनेच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडायचं आणि त्या भागात राहण्याजोगं दुसरं घर नाही हे दाखवायचं. भाडेकरूला विरोध करायचा तर आधी परवानगी मागावी लागते. नेहमीच्या दाव्यासारखी पिढी जात नाही. आम्हाला चौदा महिने लागले. चावी मिळाली त्या दिवशी वडील आत गेले आणि पहिल्यांदा गळका नळ दुरुस्त केला. नंतर देवाला नमस्कार.

त्या भाडेकरूंशी आजही बोलणं आहे, हे मुद्दाम लिहिते. त्यांना घर शोधायला वडीलच हिंडले होते.

पंचगंगा_घाट

शहरात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, घरपट्टीची माफी महापालिका आणि नगरपालिकांतही आहे. नगरविकास विभागानं २०२० मध्येच काढली. राज्यात कुठंही असो, एकाच मालमत्तेला. पाणीपट्टी वेगळी, ती भरायचीच. सैनिक कल्याणचा दाखला इथंही लागतो.

सुभेदार_काका

हिरण्यकेशी बेटा, आबांच्या बोटांबद्दल कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो. त्यांना डिसॅबिलिटी पेन्शन आहे का?

निवृत्त होताना रिलीज मेडिकल बोर्ड झालं असेल. त्याचा कागद शोध. दुखापत लष्करी सेवेमुळं झालेली किंवा सेवेमुळं वाढलेली आणि टक्केवारी वीस किंवा जास्त, असं त्यात असेल तर विषय वेगळा आहे. आमच्या काळात जवान बोर्डासमोर उभा राहिला की "ठीक हूँ साहब" म्हणायचा. घरी जायची घाई. मी स्वतः तेच म्हणालो होतो आणि नऊ वर्षांनी शहाणा झालो. हा केंद्राचा विषय, त्याची दाद २००७ च्या कायद्यानं झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात, मुंबईच्या पीठापुढं. कागद सापडला तर मला व्यनि (खासगी निरोप) कर. मी वाचून सांगतो.

राधानगरीकर

काका, न्यायाधिकरण मुंबईला. आपल्याकडं, कोल्हापुरात, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांची मुंबईची वारी वाचली. कोल्हापूर, सांगली, सातारा, हे सगळे फौजेचे जिल्हे. न्यायाधिकरणानंही वर्षातून चार वेळा इथं बसावं. सत्तरीच्या माणसानं रात्रभर रेल्वेत बसून जायचं आणि पुढची तारीख घेऊन यायचं, हे बरं नव्हे.

टेंबलाई

मी टेरिटोरियल आर्मीचा. टेंबलाईवाडीची १०९ बटालियन, कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमचा प्रश्न आणखी वेगळा. नोकरी तुकड्यातुकड्यांनी, बोलावलं की जायचं. काश्मीरमध्येही राहून आलो. पण "माजी सैनिक" कोण, याची केंद्राची व्याख्या आहे, आणि त्यात टीएचा माणूस पेन्शनधारक असेल, नोकरीत अपंग झाला असेल किंवा शौर्यपदक असेल तरच बसतो. माझ्या तीन सोबत्यांना काहीच मिळत नाही. गणवेश तोच, रायफल तीच.

राज्याला पेन्शन देता येत नाही, मान्य. पण घरपट्टी कुणाला माफ करायची हे तर राज्याच्या हातात आहे ना? मग राज्यानं आपल्या कायद्यात स्वतःची व्याख्या लिहावी.

चंदगडी

टेंबलाई दादा, हाच मुद्दा अग्निवीरांना लागतो. माझा भाऊ बेळगावला ट्रेनिंग करून आलाय. योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, लष्करातली पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेली. चार वर्षं झाली की शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम, बाकीचे सेवा निधीची एकरकमी रक्कम घेऊन घरी. ना पेन्शन ना ईसीएचएस. केंद्रीय दलांत राखीव जागा ठेवल्यात, ते ठीक. पण गावात आला की तो कोण? माजी सैनिक की नुसता माजी?

आमच्या चंदगड-आजऱ्याकडं पोरं पहाटे चारला उठून रस्त्यानं पळतात. दुसरं आहे काय? काजू आणि फौज. पोरगं एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी परत येणार. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे आत्ताच विचारतात, "परमनंट का अग्निवीर?" आई ते ऐकून आत निघून जाते.

राधानगरीकर

चंदगडी, चार वर्षं केलेल्याला वीस वर्षं केलेल्याइतकंच द्यायचं का पण? मला पटत नाही.

चंदगडी

इतकंच द्या असं मी म्हटलेलंच नाही. काहीतरी द्या, आणि लिहून द्या. चार वर्षांत गोळी लागायची ती लागतेच की. ती काय नोकरीची वर्षं मोजून येते?

सुभेदार_काका

बरोबर बोललीस पोरी.

कारकून_माजी

राज्याच्या नोकऱ्यांचा विषय राहिला. महाराष्ट्रात गट-क आणि गट-ड मध्ये माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. मी त्यातूनच लागलो, आज एका सरकारी कार्यालयात आहे. चांगली गोष्ट आहे आणि माझं घर त्यावर चाललं, हे आधी सांगतो.

पण समांतर म्हणजे काय, हे समजायला मला दोन भरत्या लागल्या. जागा तुमच्या प्रवर्गाच्या आतच मोजतात, बाहेर वेगळा ढीग नसतो. शिवाय दहावीवर भरती झालेल्या जवानाला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर सेनेकडून पदवीचं समकक्ष प्रमाणपत्र मिळतं. ते एका ठिकाणी मान्य केलं, दुसऱ्या ठिकाणी त्याच प्रमाणपत्रावर "ही डिग्री नव्हे" म्हणून अर्ज बाद. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो आणि पोरांच्या वयाच्या मुलांबरोबर टायपिंगच्या क्लासला जात होतो. बंदूक धरलेली बोटं की-बोर्डवर पडायला वेळ लागतो हो. मास्तर चांगले होते, फी अर्धीच घेतली.

दुधगंगा

विषयांतर करते, पण फौजी घरातल्या सगळ्यांना विचारायचंय: तुमच्याकडंही चादरीच्या घड्या एका रेषेत नसल्या तर रामप्रहरी व्याख्यान होतं का? आमच्याकडं सासरे निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली. दुधाचं पातेलंसुद्धा ओळीत लागतं.

टाकळीकर

आमच्याकडं अख्ख्या गावाचं तसं आहे. वरातीत पोरं नाचतानासुद्धा रांगेत नाचतात.

ताराराणी_चौक

आणि लग्नात आहेर म्हणून कॅन्टीनचा कुकर. आमच्याकडं सात आहेत.

संपादक मंडळ

कुकर वेगळ्या धाग्यावर, कृपया. मूळ विषय महत्त्वाचा आहे.

अनामिका_आजरा

बराच वेळ वाचते आहे. लिहू की नको असं झालं होतं.

माझे यजमान सेनेत होते. गेले ते सीमेवर नव्हे. शांततेच्या ठिकाणी, ड्यूटीवर, ट्रक उलटून. मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. पार्थिव आलं, गावानं रांगोळ्या काढल्या, कमान उभारली, कमानीवर "शहीद" लिहिलं. महिन्याभरानं कागद आले. सेनेच्या भाषेत दोन प्रकार असतात, बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत किंवा कारवाईत गेलेला, आणि फिजिकल कॅज्युअल्टी, म्हणजे इतर कारणानं गेलेला. आमचं दुसरं. राज्याच्या मोठ्या मदती, ती एक कोटींची रक्कम, ती दोन हेक्टर जमीन, या पहिल्या प्रकारासाठी. "शहीद" हा शब्द सेनेच्या कागदात कुठंच नसतो, हे मला तेव्हा कळलं. तो गावाचा शब्द. गावानं दिलेला शब्द कार्यालयात चालत नाही.

मी भांडत नाही. पेन्शन मिळते, नियमाप्रमाणं सगळं मिळालं. सैनिक कल्याणच्या लोकांनी फॉर्म भरून दिले, एकदा तर एका बाईंनी आपल्या डब्यातली पोळी मुलाला भरवली. पण दर वेळी नव्या खिडकीवर मला सांगावं लागतं की ते कसे गेले. "लढाईत का?" असं विचारतात आणि मी "नाही" म्हणते, मग समोरच्याचा चेहरा बदलतो. हिरण्यकेशी ताई, तुमच्या आबांना जे विचारलं ना, ते मी बारा वर्षं ऐकते आहे.

कायदा करायचाच असेल तर त्यात एक ओळ घाला. खिडकीवर असं विचारायचं नाही. दाखला बघायचा आणि शिक्का मारायचा.

हिरण्यकेशी

अनामिका ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. आबांनाही वाचून दाखवलं. ते उठून परसात गेले, बराच वेळ आले नाहीत.

नमुना_नऊ

अनामिका ताई, मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. असं मीही विचारलं असेल कधीतरी. माफ करा.

आता ग्रामपंचायतीचीही एक अडचण मांडतो, रागावू नका. टाकळीसारख्या गावात घरटी फौजी. सगळ्यांची घरपट्टी माफ केली की पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात राहतं काय? त्याच पैशातून दिवाबत्ती, शिपायाचा पगार, नळाची दुरुस्ती. मी होतो त्या पंचायतीत माफीपोटी भरपाई आलेली मी पाहिली नाही. म्हणजे सन्मान राज्यानं जाहीर केला आणि खर्च पडला तो ज्या गावानं जास्त पोरं फौजेत पाठवली त्याच्यावर. म्हणून बॉडी टाळाटाळ करते. हे कायद्यात आलं पाहिजे: जेवढी माफी, तेवढी रक्कम राज्यानं पंचायतीला द्यायची.

टाकळीकर

हे कुणी बोलत नव्हतं, तुम्ही बोललात. आमच्याकडं कितीतरी माजी सैनिक माफी घेतच नाहीत. म्हणतात, गावचा दिवा आपल्याच पैशावर जळतो.

वकिलीणबाई

नमुना_नऊ, हा मुद्दा मला सुचला नव्हता. आता कायदा झाला तर त्यात काय असावं याचं चित्र जमतंय. राज्याची स्वतःची व्याख्या, त्यात टीए आणि अग्निवीर कुठं बसतात ते स्पष्ट. सैनिक कल्याणचा दाखला हाच पुरावा, वर चौकशी नाही. पंचायतीची भरपाई. आणि ठरलेली मुदत. मुदतीचं काम काही अंशी आजही होतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली नमुना ८ चा उतारा ही अधिसूचित सेवा आहे. वेळेत मिळाला नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग. हिरण्यकेशी, वारस नोंदीनंतरचा उतारा याच कायद्याचा उल्लेख करून मागा.

आणखी एक, नोकरीत असलेल्यांसाठी. सेवेत असताना गावाकडं कुणी जमिनीचा दावा लावला तर १९२५ चा सैनिक (दावे) अधिनियम आहे. युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्याचा दावा पुढं ढकलता येतो, मुदतीच्या हिशेबातून तो काळ वगळला जातो. केंद्राचा कायदा आहे, शंभर वर्षांचा, अजून चालू. घरच्यांनी फक्त कोर्टाला कळवायचं असतं की माणूस फौजेत आहे. पुष्कळ घरं कळवतच नाहीत.

चंदगडी

हे भावाला पाठवते. आमचा बांधाचा वाद आहेच.

हिरण्यकेशी

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय.

नमुना_नऊ यांनी सांगितलं तसंच केलं. वारस म्हणजे आबा, पुण्याचे दोन काका आणि निपाणीची आत्या. काकांची संमतीपत्रं पोस्टानं आली. आत्याला यायला जमत नव्हतं, गुडघे धरलेत. पण तिला कळलं की घर आबांच्या नावावर लागतंय ते फौजेच्या माफीसाठी, तर सकाळच्या एसटीनं स्वतः आली. येताना पदराच्या गाठीत आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत. आमच्याकडं नव्हतीच, तिनं तीस वर्षं जपून ठेवली होती. अंगठा नको म्हणाली, सहीच करणार. पाच मिनिटं लावून पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं आडनाव लिहून खोडलं आणि परत सासरचं लिहिलं.

या वेळी मी आत गेले नाही. आबा एकटेच गेले. तोच मुलगा होता. आबांनी २०२० च्या निर्णयाची प्रत, सैनिक कल्याणचा दाखला आणि दोन्ही अर्ज टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "वाचून घे बाळा, मी थांबतो." बाहेरून ऐकलं मी. त्यानं खुर्ची दिली. आवक क्रमांकासकट दोन्ही पोच मिळाल्या. वारस नोंदीचा विषय येत्या मासिक सभेत आहे. मंजूर झाला की लगेच लोकसेवा हक्काखाली उतारा मागणार.

सुभेदार काका, ट्रंकेच्या तळाला मेडिकल बोर्डाचा कागद सापडला. घडीवर फाटलाय आणि शाई पुसट झालीय, पण टक्केवारीचा आकडा वाचता येतोय. आबा म्हणाले, तेव्हा कुणी समजावून सांगितलं नव्हतं. व्यनि केलाय.

सुभेदार_काका

मिळाला. बघतोय. आबांना म्हणावं मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, झेरॉक्सच द्यायची.

अनामिका_आजरा

खुर्ची दिली हे वाचून बरं वाटलं ताई.

राधानगरीकर

ताई, दोन्ही अर्जांचा मजकूर इथं टाकाल का? आमच्या गल्लीतच अकरा जण आहेत.

हिरण्यकेशी

टाकते, संध्याकाळी. आत्ता आत्याला निपाणीच्या गाडीत बसवायला स्टँडवर आलेय, गाडी लागलीय.